ताप नव्हता, म्हणून आम्ही दोन दिवस थांबलो

माझ्या सासूबाई रोज सकाळी अंघोळ आटोपली की देवघरासमोरच्या पाटावर बसून वाती वळतात. कापसाचा पुंजका डाव्या हाताला, वळून झालेल्या वाती उजव्या हाताच्या स्टीलच्या डब्यात, आणि मोजदाद बोटांच्या पेरांवर. २०२३ च्या मार्चमधल्या एका शुक्रवारी मी दुकानात जायला निघाले, तेव्हा त्या पाटावर बसलेल्या दिसल्या. रंगपंचमी होऊन पाच दिवस झाले होते. कापूस मांडीवर तसाच पडून होता, डब्यात तीनच वाती होत्या आणि शेजारच्या चहावर साय धरली होती.

"आई, चहा नाही घेतलात?"

"घेते गं. आज नुसतं गळून गेल्यासारखं वाटतंय."

मी कपाळाला हात लावून पाहिला, मग थर्मामीटर लावला. ९९.२ आले. एवढ्याला कुणी ताप म्हणत नाही. खोकला नव्हता, नाक वाहत नव्हते, घसा दुखत नव्हता. रात्री झोप लागली नसेल, ऊन वाढू लागले आहे, असे म्हणून मी निघून गेले. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, एकादशी होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून ज्यांची एकादशी मी एकदाही चुकलेली पाहिली नाही, त्या आईंनी दुपारी "भाकरी झाली का?" असे विचारले. आज एकादशी आहे, असे सांगितल्यावर त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या, आणि साबुदाण्याची खिचडीही त्यांनी दोन घास खाऊन बाजूला सारली. घरातल्या सगळ्यांचे एकच मत पडले की वय झाले की असे व्हायचेच. रविवारी पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्याशी त्यांचा पाय उचललाच गेला नाही आणि त्या तिथेच खाली बसल्या. कोविडच्या काळात घेतलेले ऑक्सिमीटर कपाटातून शोधून बोटाला लावले, तर आकडा ८९ दाखवत होता.

रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो त्यांच्याबद्दल नव्हताच, "गेल्या आठवड्यात घरात कुणाला ताप-खोकला झाला होता का?" असे त्यांनी विचारले. झाला होता, माझ्या मुलाला. नाकातला स्वॅब तपासायला गेला आणि संध्याकाळी अहवाल आला: इन्फ्लुएंझा ए, एच३एन२, म्हणजे फ्लू. तोवर दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागात न्यूमोनिया पसरला होता.

मी स्वतः औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतलेली आहे आणि पंचवटीत आमचे औषधांचे दुकान आहे. सव्वीस वर्षे मी त्या काउंटरमागे उभी आहे. फ्लूबद्दल लोकांचे जेवढे गैरसमज असतील तेवढे सगळे मी रोज ऐकते आणि जमेल तसे दूरही करते. तरीही माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर, दोन दिवस वाया गेले. त्या दोन दिवसांविषयी मला लिहायचे आहे, कारण ज्येष्ठांच्या फ्लूबाबतचा जवळजवळ प्रत्येक गैरसमज शेवटी हेच करतो: ज्या वेळात काही करता येण्यासारखे असते, तोच वेळ तो आपल्या हातून काढून घेतो.

सुरुवात शब्दापासूनच करावी लागेल. आपल्याकडे "फ्लू झालाय" याचा अर्थ बहुतेक वेळा "सर्दी-पडसे झाले आहे" एवढाच असतो. साधे पडसे बहुधा ऱ्हायनोव्हायरससारख्या वेगळ्याच विषाणूंमुळे होते, ते हळूहळू चढते आणि नाका-घशापुरते राहून उतरते. इन्फ्लुएंझा हा इन्फ्लुएंझाच्याच विषाणूंचा आजार आहे. माणसांमध्ये दरवर्षी साथ आणतात ते त्याचे ए आणि बी हे दोन प्रकार. तरुण माणसाला तो सकाळी धडधाकट असताना दुपारपर्यंत आडवा पाडतो, अंग मोडून निघते, डोके फुटेल असे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या आजाराने जगात दरवर्षी २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसे श्वसनाच्या गुंतागुंतीने दगावतात, आणि त्यांत वृद्धांचा वाटा फार मोठा असतो. एच३एन२ हा उपप्रकार १९६८ च्या जागतिक साथीपासून आपल्यात आहे आणि ज्या वर्षी त्याचा जोर असतो त्या वर्षी ज्येष्ठांना जास्त त्रास होतो, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे.

मला नेहमी आश्चर्य वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. आमच्या आई मानमोडीच्या गोष्टी सांगतात. त्यांच्या आजोबांची दोन भावंडे मानमोडीच्या साथीत एकाच आठवड्यात गेली, गावात खांदा द्यायला माणसे उरली नव्हती, हे त्यांनी लहानपणी ऐकलेले आहे आणि ते सांगताना आजही त्यांचा आवाज खाली जातो. ती मानमोडी म्हणजेच १९१८ चा इन्फ्लुएंझा. त्या एका साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली असे मानले जाते, आणि १९११ ते १९२१ हे आपल्या जनगणनांच्या इतिहासातले एकमेव दशक आहे ज्यात लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. ज्या पिढीने मानमोडीचे नाव भीतीने घेतले, त्याच पिढीची लेकरे-नातवंडे फ्लूला "काय ते, दोन शिंका" म्हणतात, कारण ही दोन नावे एकाच आजाराची आहेत हे त्यांना कुणी कधी सांगितलेच नाही. आजचा हंगामी फ्लू १९१८ इतका घातक नाही हे खरे, पण तो त्याच कुळातला आहे. आईंना मी हे रुग्णालयात सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आता भिजण्याबद्दल. नाशिकची रंगपंचमी रहाडींची असते. पेशव्यांच्या काळापासून चालत आलेल्या या दगडी हौदांत रंगाचे पाणी भरतात आणि त्यात उडी घेतात, तिला आपण धप्पा म्हणतो. माझा मुलगा त्या रविवारी शनि चौकातल्या रहाडीत धप्पा मारून ओलाचिंब होऊन घरी आला, मंगळवारी त्याला सडकून ताप भरला, आणि सगळ्या नातेवाइकांनी निदान केले की रहाडीत भिजला म्हणून आजारी पडला. भिजल्याने फ्लू होत नाही. दही, ताक, केळी, पेरू किंवा फ्रीजमधले पाणी यांनीही होत नाही. तो होतो तो बाधित माणसाच्या खोकण्या-शिंकण्यातून, बोलण्यातून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून, आणि त्याचे हात लागलेल्या वस्तूंवरून आपले हात नाका-डोळ्यांपाशी गेल्याने. रहाडीभोवती हजारो माणसे खांद्याला खांदा लावून ओरडत उभी होती. मुलाला आजार दिला असेल तर त्या दाटीने. थंडीचा संबंध आहे तो आडवळणाने: हवा थंड आणि कोरडी असली की विषाणू जास्त वेळ टिकतो, आणि निफाडचा पारा उतरला अशी बातमी आली की आपण सगळे दारे-खिडक्या लावून एकाच खोलीत बसतो. आपल्या देशात फ्लूचा एक जोर जानेवारी ते मार्च या काळात असतो आणि दुसरा पावसाळ्यात व पावसाळ्यानंतर; "हिवाळा सरला, आता काळजी नाही" हे गणित म्हणूनच चुकते.

हा गैरसमज वरवर निरुपद्रवी वाटतो, पण त्याची दुसरी बाजू वाईट आहे. भिजण्याने आजार होतो असे एकदा ठरले की जो भिजला नाही तो सुरक्षित, हेही आपोआप ठरते. "मी तर घराबाहेरच पडत नाही, मला कुठून फ्लू होणार?" हे वाक्य मी काउंटरवर आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. आमच्या आई त्या महिन्यात समोरच्या वाण्याकडेही गेल्या नव्हत्या. फ्लू त्यांच्यापर्यंत नातवाच्या पावलांनी आला. बाधित माणूस लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच दुसऱ्याला आजार देऊ शकतो आणि पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. संसर्ग झाल्यापासून आजार दिसायला एक ते चार दिवस लागतात. मंगळवारी मुलाला ताप आला, आणि तो आजीच्याच पलंगावर, तिच्याच पांघरुणात मोबाइल बघत पडलेला असे. शुक्रवारी आईंचा चहा तसाच राहिला. हिशेब अगदी बरोबर जुळतो. मुलाला मी काही बोलले नाही आणि बोलणारही नाही, कारण त्याला दुसऱ्या खोलीत झोपवायला हवे होते ते मी, आणि मास्क बांधायला सांगायला हवे होते तेही मीच.

ज्या गोष्टीने आमचा सगळ्यात मोठा घात केला, ती म्हणजे तापाबद्दलची समजूत. आजारपण म्हणजे ताप, आणि ताप म्हणजे १०१, १०२, हे आपल्या मनात इतके पक्के आहे की तो आकडा दिसला नाही तर आपण आजार मान्यच करत नाही. पण ताप विषाणू आणत नसतो. ताप हे आपल्या शरीराने विषाणूला दिलेले उत्तर असते, आणि वयाबरोबर ते उत्तर मंद होत जाते. सत्तरी-ऐंशीतल्या माणसाला फ्लू होऊनही अंग जेमतेम कोमट लागते. खोकलाही कधी नसतो किंवा अगदी कमी असतो. त्याऐवजी दिसते ते असे: अन्नावरची वासना जाते, उठवत नाही, बोलण्यात गोंधळ होतो, वार-तिथी विसरली जाते, तोल जातो, माणूस पडतो, नेहमी ताब्यात असणारी साखर अचानक वर-खाली होते, किंवा आधीपासूनचा दमा उसळतो. यातले एकही लक्षण "फ्लू" असे ओरडून सांगत नाही. सगळी लक्षणे "म्हातारपण" असेच सांगतात, आणि आपण ऐकतो.

शिवाय वृद्धांचे नेहमीचे तापमानच बरेचदा आपल्यापेक्षा कमी असते. म्हणून वृद्धांची देखभाल करणारे डॉक्टर केवळ ठरावीक आकडा पाहत नाहीत, त्या माणसाच्या रोजच्या तापमानापेक्षा ते किती चढले हे पाहतात. तोंडात लावलेल्या थर्मामीटरवर एकदा जरी १०० च्या वर आले, किंवा नेहमीपेक्षा दोन अंश फॅरनहाइटहून अधिक वाढले, तरी तो ताप धरतात. आईंचे एरवीचे तापमान ९७ च्या आसपास असते, हे आम्हाला त्या आजारपणानंतर मोजून कळले. म्हणजे शुक्रवारी सकाळी थर्मामीटरवर जे ९९.२ होते, तो त्यांचा ताप होता. मी तो हातात धरून वाचला आणि पुसून डबीत ठेवून दिला.

आता औषधांकडे येते, कारण इथे मला अधिकाराने बोलता येईल. "सर्दी-तापाची एखादी गोळी द्या, बाबांना द्यायची आहे," असे म्हणत येणारे गिऱ्हाईक दिवसाला दहा तरी असतात. सर्दीची म्हणून जी पाकिटे सर्रास खपतात, त्यांत पॅरासिटामॉलबरोबर बहुधा फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइन असते. पहिले रक्तवाहिन्या आकसवते, त्याने रक्तदाब वाढू शकतो. दुसरे गुंगी आणते, तोंड कोरडे पाडते, प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्या पुरुषांची लघवी अडवू शकते आणि वृद्धांच्या डोक्यात गोंधळ वाढवते. ज्याचा आधीच तोल जात आहे अशा माणसाला रात्री ही गोळी देणे म्हणजे पहाटे न्हाणीघरात पडण्याची तजवीज करून ठेवण्यासारखे आहे. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन देतात, तेही रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला धोक्याचे असते. ताप-अंगदुखीला नुसते पॅरासिटामॉल, तेही वजन आणि यकृताची स्थिती पाहून, एवढे बहुतेकांना पुरते.

दुसरी मागणी अझिथ्रोमायसिनची. "तीन गोळ्यांचा कोर्स द्या, मागच्या वेळी त्याच्यानेच बरे वाटले होते." अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूवर नाही. मागच्या वेळी बरे वाटले ते बहुधा आजाराचे दिवस भरले म्हणून. फ्लूमागोमाग जिवाणूंचा न्यूमोनिया झाला तर अँटिबायोटिक लागते आणि तेव्हा ते जीवही वाचवते, पण ते कुठले आणि किती हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. मला सगळ्यात अवघड जाते ते समोरच्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणे, कारण त्याच्या चेहऱ्यावर आपल्या बापाची काळजी असते आणि मी ती गोळी नाकारते तेव्हा त्याला वाटते की मी त्याच्या बापाला नाकारते आहे. तरी मी देत नाही.

आणि खरे औषध आहे ते कुणी मागतच नाही. ऑसेल्टामिवीर हे इन्फ्लुएंझाच्या विषाणूवरच काम करणारे औषध आहे, आणि लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत ते सुरू केले तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर अनेकांच्या मनात बसले आहे की हे औषध फक्त सरकारी रुग्णालयात मिळते. त्या वेळी त्यावर कडक निर्बंध होते हे खरे. ते शेड्यूल एक्स या औषधांच्या कडक नियंत्रणाच्या यादीत होते आणि फार थोड्या दुकानांना ते ठेवता येई. २०१७ मध्ये ते शेड्यूल एच-वन या थोड्या सैल यादीत आले. आता डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर साध्या औषधाच्या दुकानातही ते मिळू शकते. आम्ही फक्त वेगळ्या नोंदवहीत त्याची नोंद ठेवतो. स्वाइन फ्लूसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांची अ, ब, क अशी वर्गवारी आखून दिली, तिच्यात ६५ वर्षांपुढच्या, फ्लूची लक्षणे असणाऱ्या रुग्णांना ब गटात ठेवले आहे आणि तपासणीसाठी न अडता त्यांना हे औषध सुरू करावे असे सुचवले आहे. मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून ते स्वतःहून घ्यायचे नाही. आईंना ते रविवारी मिळाले. रुग्णालयात भरती झालेल्याला उशीर झाला तरी देतात आणि त्याचा काही फायदा होतोही, पण शुक्रवारी मिळाले असते तर काय झाले असते हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

काढा आणि हळदीचे दूध याबद्दल माझे काही म्हणणे नाही. गरम पातळ पोटात जाते, घशाला बरे वाटते, आणि नातवंडाने आणून दिलेल्या कपात आणखीही काही असते. वाफेच्या उकळत्या पातेल्याशी मात्र थरथरत्या हातांच्या माणसाला एकटे बसवू नका. भाजल्यावर लावायचे मलम मागायला लोक माझ्याकडेच येतात.

लसीबद्दलचे गैरसमज एवढे आहेत की कुठून सुरुवात करावी कळत नाही. सगळ्यात जास्त ऐकू येते ते असे: "मागे घेतली होती, दुसऱ्याच दिवशी आजारी पडलो, त्या लसीनेच फ्लू झाला." दंडात टोचायची जी फ्लूची लस ज्येष्ठांना देतात, तिच्यात जिवंत विषाणू नसतो. तिच्याने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एक-दोन दिवस अंग कसकसते, कुणाला बारीक ताप येतो. शरीर तयारीला लागल्याची ती खूण आहे. त्यातून लसीचे संरक्षण उभे राहायला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि त्या दोन आठवड्यांत दुसरे एखादे पडसे किंवा खुद्द फ्लूही गाठू शकतो. मग नाव लसीचे होते.

"घेऊनही फ्लू होतोच ना, मग कशाला?" हा प्रश्न जास्त प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. होय, होतो. त्या वर्षीच्या विषाणूंशी लसीची जुळणी चांगली असेल तर डॉक्टरांकडे जावे लागण्याइतका आजार होण्याची शक्यता सर्वसाधारण लोकांमध्ये ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते, आणि वयस्करांमध्ये संरक्षण बरेचदा याहून कमी असते, कारण लसीलाही उत्तर द्यायचे असते ते त्याच थकलेल्या प्रतिकारशक्तीने. पण लस घेतलेल्याला फ्लू झाला तरी तो रुग्णालयापर्यंत, अतिदक्षता विभागापर्यंत जाण्याचा धोका कमी होतो. सत्तरीपुढे लढाई त्याचसाठी आहे.

दरवर्षी का घ्यायची, हे मला ज्यांनी सर्वांत सोपे करून सांगितले ते दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार आहेत. वय सत्तरीच्या पुढे, महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतात. दुकानात एक निवृत्त शिक्षक माझ्याशी वाद घालत होते की एकदा टोचून घेतले की झाले, पोलिओसारखे. बागायतदार बाबा मागे रांगेत उभे होते. ते म्हणाले, "गुरुजी, भुरीचं औषध गेल्या साली मारलं म्हणून यंदा कोणी थांबतं का? दर छाटणीला बाग नवी, रोगबी नवा." इन्फ्लुएंझाचे नेमके असेच आहे. हा विषाणू आपले बाहेरचे रूप सतत थोडेथोडे बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू घ्यावेत हे नव्याने सांगते. जसे द्राक्षाला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. शिवाय लसीने मिळालेले संरक्षणही काही महिन्यांत ओसरत जाते. अलीकडे काही जण विचारतात, की पूर्वी चार विषाणूंची लस होती आणि आता तीनची देतात, म्हणजे हलकी झाली का? तसे नाही. बी प्रकारातला यामागाता नावाचा वंश २०२० च्या मार्चनंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही, म्हणून त्याला वगळले आहे.

नावांच्या सारखेपणाने होणारे घोटाळे वेगळेच. एक आजी नातवाचे लसीकरणाचे कार्ड घेऊन आल्या होत्या; पेंटाव्हॅलंट लसीच्या ओळीत "हिमोफिलस इन्फ्लुएंझा" असे छापलेले बोटाने दाखवून म्हणाल्या, "बाळाला फ्लूची झाली आहे, म्हणजे घरात काही येणार नाही." हिमोफिलस इन्फ्लुएंझा हा जिवाणू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्लूचे कारण म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले गेले आणि ते नाव त्याला चिकटले. फ्लूचा खरा विषाणू माणसात सापडला तो १९३३ मध्ये. नाव राहिले, आणि त्या आजींची समजूत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका चुकीतून जन्माला आली. तसेच न्यूमोनियाची म्हणून जी लस देतात ती न्यूमोकोकस या जिवाणूविरुद्धची आहे. ज्येष्ठांनी तीही घ्यावी असे डॉक्टर सांगतात, पण एक घेतली म्हणून दुसरी झाली असे होत नाही. कोविडच्या लसीने फ्लू थांबत नाही, हेही सांगून ठेवते.

मधुमेह आहे, हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, म्हणून लस नको, असे म्हणणाऱ्यांनाच खरे तर तिची गरज सर्वांत जास्त असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी टोचणाऱ्याला तसे आधी सांगावे आणि नंतर ती जागा काही मिनिटे दाबून धरावी. अंड्याचा प्रश्न पंचवटीत हमखास निघतो, कारण इथे माळकरी आणि जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. बहुतेक फ्लूच्या लशींसाठी विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, हे मी लपवत नाही. ज्यांना अंड्याची ॲलर्जी आहे त्यांनीही आता ही लस घेण्यास हरकत मानत नाहीत, पण व्रताचा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा आहे. आमच्या आईंनी तो रुग्णालयातून घरी आल्यावर दोन दिवस विचार करून सोडवला आणि मला म्हणाल्या, "औषध म्हणून घेतलं तर पांडुरंगाची ना नसावी."

एक गैरसमज असा आहे की तो शब्दांत कुणी मांडत नाही, पण सगळे धरून चालतात: आजार उतरला की संपला. फ्लू फुप्फुसांपुरता राहत नाही. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तपासणीने नक्की झालेल्या फ्लूनंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळले. त्या आठवड्यात छातीत कळ आली, दम लागला, तर "खोकून खोकून दुखतंय" असे म्हणून सोडून देऊ नये. आणि पायांचे बळ. प्रकृती उत्तम असणाऱ्या वयस्कर स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिले, तर त्यांच्या पायांतले स्नायू जवळजवळ एक किलोने घटले होते; आजार नसताना ही गत. आई रुग्णालयातून नवव्या दिवशी घरी आल्या. त्याआधी त्या काळाराम मंदिरापर्यंत एकट्या चालत जात. घरी आल्यावर पलंगापासून देवघरापर्यंतची अकरा पावले चालायला त्यांना भिंत धरावी लागत होती, आणि रामाच्या दर्शनाला पुन्हा एकट्याने जायला श्रावण उजाडला. आकडेवारीत त्या "बऱ्या झालेल्या" रुग्ण आहेत.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा भरते आणि ज्येष्ठात त्यांची पालखी पंढरपूरला निघते. एक फ्लूच्या हिवाळी हंगामात, दुसरी पावसाळी हंगामाच्या तोंडावर. दोन्हींत साठी-सत्तरीतली माणसे शेकड्यांनी असतात, मुक्कामाला एकाच मांडवात झोपतात. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी तर शहरात सुरूच आहे. वारीला जाऊ नका असे मी कुणाला सांगत नाही, माझी जीभ वळणार नाही. निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी लस घ्या, पिशवीत दोन मास्क आणि पॅरासिटामॉल ठेवा, आणि दिंडीतल्या एखाद्याला सांगून ठेवा की मी जेवण टाकले किंवा असंबद्ध बोलू लागलो तर थकवा समजू नका, डॉक्टरांना दाखवा. खाजगीत लस घ्यायला साधारण दीड-दोन हजार रुपये पडतात आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला ती रक्कम लहान नाही. बालकांच्या लशींसारखी ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात नाही, त्यामुळे ज्येष्ठांना तिची आठवण करून द्यायला कुणी दारी येत नाही. ती आठवण मुलांनी, सुनांनी, जावयांनी करून द्यायची आहे.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले आहे. त्यावर मी दुधाचा हिशेब लिहिते, आणि त्या आजारपणानंतर महिन्यातून दोनदा, आई अगदी ठणठणीत असताना, त्यांचे तापमान आणि ऑक्सिजनचा आकडा त्याच चौकोनात पेन्सिलने लिहिते. ९७.०, ९५. ९७.२, ९६. ९७.१, ९५. परवा लिहीत होते तेव्हा त्यांनी पाटावरूनच विचारले, "किती आहे गं आज?" मी आकडे सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि पेरांवरची मोजणी जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू केली.